प्रुफ्रॉक जिन्यावर थांबला, त्याचं काय गेलं?

वाशीमला कवितेवर व्याख्यान असलं की वत्सगुल्माची गोष्ट निघतेच. राजशेखर नावाच्या संस्कृत पंडिताने हजारेक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसा' लिहिली. तीत सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रागावून घर सोडतो. त्याला प्रेमात बांधून ठेवायला पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती बिचारी देशोदेशी त्याच्या मागे हिंडते, वेश बदलते, नाचते, गाते. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत त्याचं मन पुरतं वळतं आणि दोघांचा गांधर्व विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांची राजधानी, म्हणजेच आजचं आमचं वाशीम. राजशेखर ह्या गावाला मदनाचं क्रीडास्थान म्हणतो. हे ऐकून सभागृहात दर वेळी टाळ्या पडतात. त्याच गावात एखादी विधवा बाई बसस्टँडवर परक्या पुरुषाबरोबर चहा प्यायली तर दिवस मावळायच्या आत तिच्या दिरापर्यंत बातमी पोचते, ते सोडा.

गेल्या हिवाळ्यातल्या व्याख्यानातही टाळ्या पडल्या. मग वक्ते मुख्य विषयाकडे वळले. टी. एस. एलियटची 'जे. आल्फ्रेड प्रुफ्रॉकचं प्रेमगीत' ही कविता. वक्ते अभ्यासू होते, बोललेही छान. पण तासाभरात त्यांनी एक वाक्य चार वेळा म्हटलं : "ही तुमची-माझी, प्रत्येक माणसाची गोष्ट आहे." माझ्याबरोबर आमच्या गटातल्या दोघी होत्या. बँकेचं काम आटोपलं होतं, बसला अवकाश होता, म्हणून आलेल्या. चौथ्यांदा ते वाक्य आलं तेव्हा त्यातली एक माझ्या कानाशी लागली, "ताई, मानूस म्हंजे थो गडीच ना?"

प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. म्हणून हा लेख.

ज्यांनी ही कविता वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक सुस्थितीतला, वय उतरणीला लागलेला गृहस्थ संध्याकाळी धुक्याच्या शहरातून एका दिवाणखान्याकडे निघाला आहे, निदान तसं म्हणतो आहे. तिथे चहा आहे, फराळ आहे, कलेवर गप्पा मारत ये-जा करणाऱ्या बायका आहेत. तिथे त्याला एक प्रश्न विचारायचा आहे. एखादीला मागणी घालायची असेल, त्याहून मोठंही काही असेल. कविता उघड करत नाही. पण आपले केस विरळ झालेत, हातपाय काटकुळे दिसतात, लोक काय म्हणतील, आणि विचारलंच तर ती, तुमचा गैरसमज झालाय, म्हणून झटकून टाकेल, ह्या विचारांत तो जिन्यातून मागे फिरण्याच्या गोष्टी करतो. अजून पुष्कळ वेळ आहे अशी स्वतःची समजूत घालतो. विचारायचं राहूनच जातं. शेवटी समुद्रकाठी हिंडणारा म्हातारा उरतो, आणि समुद्रातल्या जलपऱ्यासुद्धा आपल्यासाठी गाणार नाहीत ही त्याची खात्री.

एलियटने हे लिहिलं १९१०-११ च्या सुमारास, म्हणजे जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा असताना. छापून आलं जून १९१५ मध्ये, शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात.

मला ही कविता आवडते, हे आधीच कबूल करते. बी.ए.ला इंग्रजी होतं तेव्हा पहिल्यांदा वाचली. वीस वर्षांची होते, वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची, आणि वाटलं की हा माझंच लिहितोय. पुढे समाजकार्याचं शिक्षण घेतलं, जिल्ह्यात कामाला लागले, कविता मागे पडली. आज मी छत्तीसची आहे. लग्न केलेलं नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज आम्ही भरून देतो. त्या योजनेच्या पात्रता यादीत विधवा, घटस्फोटित ह्यांच्याबरोबर '३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री' असाही एक प्रकार आहे. प्रुफ्रॉकला आपलं सरलेलं वय आरशात बघावं लागलं. माझं तहसील कचेरीतल्या कागदावर छापून तयार आहे.

जानेवारीत मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावी बैठक होती. संक्रांतीला विधवा, टाकलेल्या, लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्यांनी मिळून हळदीकुंकू करायचं अशी आमची रीत आहे. तिळगूळ वाटून झाला, आणि व्याख्यानाला आलेल्या त्या दोघींनी आग्रह धरला, "ताई, थ्या सायबाची गोष्ट सांगा." मग मी प्रुफ्रॉक सांगितला. धुक्याऐवजी चुलींचा धूर सांगितला, दिवाणखान्याऐवजी माडी सांगितली.

"मंग थो गेला का नाई वर?"

"नाही. जिन्यातच विचार करत राहिला."

"काहून? वर कोनी काठी घिऊन बसलं व्हतं का?"

"नाही. बायका हसतील म्हणून."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग अशा हसल्या की शेजारच्या घरातली पोरं पाहायला आली. "हसल्यानं काय होते व माय? आपल्याले तं सारं गाव हसते!" दुसरी म्हणाली, "टक्कल पडलं म्हनून भेव? आमच्या मालकाचं तं लग्नातच फेट्याखाली झाकलं व्हतं." हसणं ओसरल्यावर कोपऱ्यातल्या एकीने विचारलं, "अन् थ्या बाईले कोनी इचारलं का, तुले काय पायजे म्हनून?"

ह्या प्रश्नाशी माझं भांडण सुरू होतं. कवितेत बाई नाही असं नाही, बायका पुष्कळ आहेत. पण एकीलाही नाव नाही. बांगड्या घातलेले हात आहेत, कपड्यांना येणारा सुगंध आहे, शाल आहे, आवाज आहेत. त्यांच्या तोंडी जे शब्द आहेत ते बहुतेक प्रुफ्रॉकनेच भीतीपोटी आधी कल्पून घेतलेले. ज्या बाईच्या नकाराला तो एवढा भितो तिने नकार दिलेलाच नाही, कारण तिला विचारलेलंच नाही. कदाचित ती हो म्हणाली असती. कदाचित तीही आरशासमोर केस पाहून आली असेल. शंभर वर्षांत ह्या कवितेवर एवढं लिहिलं गेलं, मलाही ते कॉलेजात पाठ करावं लागलं, पण तिच्या बाजूने काही ऐकलं ते मंगरुळपीरकडच्या त्या ओसरीवर.

आणि प्रुफ्रॉकला भीती कशाची? हसं होण्याची. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण जिना उतरून तो घरी गेला तर घर आहे. त्याचं उत्पन्न बंद होत नाही. मुलं कोणी हिसकावत नाही. उद्या त्याच दिवाणखान्यात त्याला पुन्हा चहा मिळेल. आमच्याकडे चाळिशीची एकटी बाई प्रेमाला भिते तेव्हा तिच्या भीतीला सात-बाराचा उतारा जोडलेला असतो.

विधवा निवृत्तिवेतनाचं घ्या. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजना ४० ते ७९ वयाच्या, दारिद्र्यरेषेखालच्या विधवांसाठी आहे. राज्याची रक्कम धरून २०२३ पासून महिन्याला दीड हजार मिळू लागले. पुनर्विवाह केला की ते बंद. म्हणजे दर महिन्याला दीड हजार रुपये हे कुणावर प्रेम न करण्याचं मानधन आहे. मग वावर. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा आपण शाळेत सुधारणेचा टप्पा म्हणून शिकलो. त्याच कायद्यात अशी तरतूद होती की विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क, जणू ती त्या दिवशी मेली, असा संपेल. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याकडून वारशाने आलेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची झाली, नंतर लग्न केलं तरी ती जात नाही. १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्दच झाला. पण गावातल्या पारावर तो अजून चालतो. "दुसरं घर केलं, वावर सुटलं," हे तिला दीर सांगतो, सासू सांगते, वारसनोंदीला गेलं तर कधी कधी कागद हातात धरलेला माणूसही सांगतो.

आमचा जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतला. घरोघरी तरुण वयात विधवा झालेल्या बायका आहेत. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायकांची पाहणी केली, तेव्हा ४० टक्के जणींच्या नावावर शेतीचा हक्क लागलेला नव्हता. जिचं नावच अजून उताऱ्यावर चढलेलं नाही ती गिरणीवाल्याशी दोन शब्द हसून बोलायलाही विचार करणार. ह्याला कोणी मनाचा भित्रेपणा म्हणू नये. हा तिचा हिशेब आहे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

पूर्वी आमच्या बहुतेक शेतकरी जातींत पाट लागायचा. तो रात्री, अंधारात, मान नसलेला, तरी लागायचा. प्रतिष्ठा वाढत गेली तसा तोही मागे पडला. विधुराचं लग्न मात्र तेव्हाही दिवसाउजेडी वाजतगाजत व्हायचं, आजही होतं. वाशीमला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना'त हाच न्याय मागितला होता. सुरतेच्या एका तरुण विधवेला अर्भकहत्येसाठी शिक्षा झाली, त्या संतापातून ते पुस्तक आलं. तिच्याबरोबरचा पुरुष कुठे गेला, हे तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. ताराबाईंचं पुस्तक पुन्हा उजेडात यायला १९७५ साल उजाडलं.

वक्त्यांच्या बाजूने एक उत्तर येईल ते मला माहीत आहे : कविता कवीच्या आयुष्यावरून मोजू नये. एलियटनेच १९१९ च्या निबंधात मांडलं आहे की कविता ही कवीच्या व्यक्तिमत्त्वापासून सुटका असते. असेल. पण सुटका कुणाची होते आणि अडकून कोण पडतं, हे बघायला हरकत नाही.

ही कविता छापणाऱ्या 'पोएट्री'ची संपादक एक बाई, हॅरिएट मन्रो. १९१७ मध्ये पुस्तक काढलं 'इगोइस्ट' ह्या नियतकालिकाच्या प्रकाशनाने, तिथे खर्चाचा भार उचलणारी बाई हॅरिएट शॉ वीव्हर. हे नियतकालिक मुळात स्त्रीवादी. आधी 'फ्रीवूमन', मग 'न्यू फ्रीवूमन', म्हणजे 'नवी मुक्त स्त्री'. एझरा पाउंड वगैरे पुरुष लेखकांनी नाव बदला असं पत्र लिहिलं, आणि १९१४ पासून 'मुक्त स्त्री'ची 'अहंवादी' झाली. बायकांनी उभारलेल्या घरात पाहुणे आले आणि दारावरची पाटी बदलून गेले. आपल्या चळवळीतल्या बायकांना हे नवीन वाटणार नाही.

कविता छापून आली त्याच महिन्यात, २६ जून १९१५ ला, एलियटने व्हिव्हिएन हे-वूडशी लग्न केलं. म्हणजे हा गृहस्थ जिना चढला. दोघांची प्रकृती, पैसा, मन, कशाचंच जमलं नाही. दोष कुणाचा किती, ह्यावर तज्ज्ञ भांडोत. १९३३ मध्ये अमेरिकेत असताना त्याने वकिलामार्फत विभक्त होत असल्याचं तिला कळवलं. इंग्रजीत तिला काय म्हणतात ते असो, आपल्याकडे अशा बाईला परित्यक्ता म्हणतात. ती त्याला शोधत राहिली. १९३५ साली एका पुस्तक प्रदर्शनात तिने त्याला गाठलं. बरोबर त्याचीच पुस्तकं नेली होती. त्याने सह्या केल्या आणि निघून गेला. हे वाचताना मला मालेगावच्या बाजारात दर आठवड्याला नवऱ्याच्या गाडीपाशी जाऊन उभी राहणारी एक बाई आठवली. ती काही मागत नाही. त्याने एकदा बघावं एवढंच. व्हिव्हिएनला १९३८ मध्ये मनोरुग्णालयात ठेवलं, १९४७ मध्ये ती तिथेच वारली.

दुसरी एमिली हेल. तरुणपणापासूनची मैत्रीण, नाट्यशिक्षिका. तिला एलियटने लिहिलेली ११३१ पत्रं प्रिन्स्टन विद्यापीठात बंद होती, ती जानेवारी २०२० मध्ये खुली झाली. १९३० पासून वर्षानुवर्षं तो तिला लिहीत राहिला, ती वाट पाहत राहिली. व्हिव्हिएन गेल्यावरही त्याने एमिलीशी लग्न केलं नाही. १९५७ मध्ये केलं, आपल्या सेक्रेटरीशी. तो ६८ वर्षांचा, ती ३० वर्षांची. एमिली तेव्हा ६५ वर्षांची होती.

म्हातारपणाची भीती त्याने बाविसाव्या वर्षी लिहिली. म्हाताऱ्या झाल्या त्या बायका. अडुसष्टाव्या वर्षी त्याला प्रेम मिळालं ह्याबद्दल मला असूया नाही, बरंच वाटतं. मला फक्त एमिली हेलला ६८ व्या वर्षी तिशीचा नवरा मिळालेली एखादी गोष्ट कोणी सांगावी.

मराठीतही नवकविता आली ती 'माणसा'चं एकटेपण घेऊन. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ च्या. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले, आणि त्या कवितेचा माणूस आमच्या अभ्यासक्रमात स्थिर झाला. त्याच वेळी बेळगावला इंदिरा संत लिहीत होत्या. १९४६ मध्ये पती वारले तेव्हा त्या बत्तिशीच्या होत्या. त्यांच्या कवितेला आपण विरहाची कविता म्हटलं, हळवी म्हटलं, बाईची म्हटलं. प्रुफ्रॉकचं एकटेपण मानवी आणि इंदिराबाईंचं खासगी, ही विभागणी कुणी केली? आणखी एक शंका मला छळते. विधवेच्या प्रेमावर आपले रसिक इतके लुब्ध होऊ शकले, त्याचं एक कारण प्रियकर मेलेला होता हे तर नसेल? जिवंत असता तर पारितोषिकं सोडा, कुजबुज किती झाली असती!

इथपर्यंत वक्त्यांशी भांडण झालं. आता आपल्याशी.

१९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हापासून ह्या प्रश्नावर आपण केलेलं काम मोठं आहे. रेशनकार्ड, पोटगी, घर, वारसनोंद हे सगळं बायकांनी मोर्चे काढून मिळवलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. आम्ही तो ठराव गावोगाव वाचून दाखवला. पण तिला कुंकू राहू द्या म्हणणाऱ्या आपण, तिला कुणी आवडलं तर काय, हे बोलत नाही. मेळाव्यात एकल बाई म्हणजे कष्टाळू, मुलांसाठी जगणारी, स्वाभिमानी. तिच्या अंगाला भूक नाही, संध्याकाळ नाही. तिने तसं असावं ही गावाची अट आहे, आणि आपण ती मुकाट्याने पाळतो, कारण चळवळीच्या बायका 'तसल्या' असं कोणी म्हणू नये. ही आपली जिन्यातली भीती.

माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी रिसोडकडची एक बाई माझ्याकडे आली. वय बेचाळीस. नवरा कर्जापायी गेलेला, मुलगी बारावीत. गावातला एक विधुर तिला आवडत होता, तिलाही तो विचारत होता. एवढं सांगायला तिला अर्धा तास लागला. "ताई, काय करू?" मी शिकलेली कार्यकर्ती. कागद घेतला आणि हिशेब मांडला. पेन्शन जाईल. वारसनोंद अजून झालेली नाही, दीर अडवेल. मुलीच्या लग्नात विषय निघेल. सगळं खरं होतं. मग म्हटलं, "थोडं थांबा. मुलीचं होऊ द्या. वेळ आहे."

वेळ आहे, असं मी तिला म्हटलं. मी तिला हे नाही म्हटलं की आधी नोंद लावून घेऊ, मी तलाठ्याकडे येते, दिराशी बोलते, मग लग्न करा. तेही शक्य होतं. पण मला गावात काम करायचं होतं, उद्या माझ्याकडे बोट दाखवलं गेलं असतं. त्या माणसाने पुढच्या वर्षी लग्न केलं. मुलगी त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. बाई अजून बैठकीला येते. ओसरीवर कोपऱ्यातून प्रश्न विचारला ती हीच.

येत्या मार्चच्या एकल महिला मेळाव्याचे ठराव ठरवायला आम्ही मागच्या आठवड्यात बसलो होतो. मी दोन ठराव लिहून नेले. एक, पुनर्विवाहानंतर निवृत्तिवेतन ताबडतोब बंद न करता निदान पाच वर्षं चालू ठेवावं. दुसरा, विधवेच्या नावाची वारसनोंद तिच्या पुढच्या लग्नावर अवलंबून नाही, हे प्रत्येक गावच्या चावडीवर लेखी लावावं. दोन्ही मंजूर झाले. पहिल्या ठरावाच्या प्रस्तावनेत 'एकल स्त्रीला कोणत्याही वयात प्रेम करण्याचा हक्क आहे' असं वाक्य होतं. त्यावर तासभर वाद झाला. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "प्रेम शब्द नको, निवेदन कलेक्टरला द्यायचंय. सहजीवन घाल." दुसरी म्हणाली, "आधार घाल." रिसोडकडची ती तिथे होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "आधार तं पेन्शनीलेबी म्हनते."

शब्द अजून ठरलेला नाही. पुढची बैठक कारंज्याला आहे.